पणजा कोर्टात हरला नव्हता

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर, डोळ्यांत कापसाची धूळ घेऊन. तेव्हा हा लेख कुणा प्राध्यापकाचा नाही. चुका असतील तर सांगा. पण जे लिहितोय ते पोटातून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत्याच्या दारावर बेलिफानं ताबा वॉरंट आणलं. तालुक्याच्या गावात एका खोलीत एकोणीस वर्षं भाड्यानं राहिलेला माणूस. बांधकामावर बिगारी. भाडं दर महिन्याला हातात द्यायचा, पावती एकदाही मिळाली नाही. मालकानं दावा लावला की भाडं थकलंय, खोली खाली करा. समन्स आलं, चुलत्यानं सही केली आणि कागद देवळीत बुद्धाच्या फोटोमागं ठेवून दिला. पहिल्या तारखेला गेला. दिवसभर बाकड्यावर बसला. दुपारी लघवीला उठला तेवढ्यात पुकारा झाला म्हणे. पुढच्या दोन तारखांना गेला नाही, कारण त्या दिवशी स्लॅब होता आणि स्लॅबच्या दिवशी गैरहजर राहिलं की मुकादम पुन्हा बोलवत नाही. दावा एकतर्फी निकालात निघाला. आमच्या घरात कळलं ते बेलिफ आला तेव्हा.

मी चिडून चुलत्याला म्हणालो, "नाना, तुम्ही कोर्टात हरलात कसं?" तो म्हणाला, "मी कुटं हारलो? मला कुनी इचारलंच न्हाई."

त्याच्या पलीकडं माझी आजी बसली होती. ती म्हणाली, "तुज्या पणज्याचं बी असंच झालं व्हतं. रानाचं. त्याला बी कुनी इचारलं न्हाई."

मग मी त्या रानाच्या मागं लागलो. सात महिने लागलो. त्याचा हा हिशेब.

*

आपला धाराशिव जिल्हा, जुनं नाव उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वसुली उर्दूत, हुकूम उर्दूत, वर्ष फसली. महारवाड्यातल्या माणसाला मराठी अक्षर ठाऊक नव्हतं, तिथं उर्दू कागदावर आपलं नाव आहे की सावकाराचं हे त्याला कळणार कसं? जमीन कसायची, अर्धा माल मालकाच्या खळ्यावर नेऊन घालायचा. याला बटई म्हणायचं. ठरलेली रक्कम किंवा ठरलेलं धान्य द्यायचं असेल तर ठोका. करार तोंडी. साक्षीला पिंपळ नाहीतर पाटील. पिंपळ बोलत नाही, आणि पाटील मालकाचाच भाऊबंद.

याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आले होते. महार-मांग वतनदार परिषद होती. आपण दरवर्षी तिथं जातो, अभिवादन करतो, परत येतो. मी पण तेच केलं. पण त्या परिषदेच्या नावातला 'वतनदार' हा शब्द मी कधी नीट वाचला नव्हता. बाबासाहेब इथं आले ते वतनाच्या प्रश्नावर. म्हणजे गावाची कामं फुकटात करवून घेणाऱ्या त्या हाडकी-हाडोळ्याच्या प्रश्नावर, जमीन आणि गुलामी एकाच दोरीत बांधलेली असते या प्रश्नावर. अभिवादन करताना हा प्रश्न आपण चपलेसारखा बाहेर काढून ठेवतो.

आणखी एक तारीख सांगतो. १७ सप्टेंबर. मराठवाड्यात हा मुक्तिदिन, कारण १९४८ साली याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली. पण त्याच्या बरोबर अकरा वर्षं आधी, १७ सप्टेंबर १९३७ ला, बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं होतं. कोकणातला खोत कुळाला उठवायचा, वेठ घ्यायचा, त्याच्याविरुद्ध. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. ते बिल मंजूर झालं नाही. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. म्हणजे कुळाच्या बेदखलीचा प्रश्न हा कम्युनिस्टांचा आणि आपला प्रश्न फक्त पाणवठ्याचा, देवळाचा, असं जे आपल्याला शिकवलं जातं ते खोटं आहे. बॅरिस्टर आंबेडकरांनी जमिनीच्या कुळाला आपला माणूस मानलं होतं.

*

निजाम गेला. जहागिऱ्या १९४९ मध्ये रद्द झाल्या. आणि १० जून १९५० ला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झाला. १९५० चा एकविसावा कायदा. मी तो पुस्तकात पहिल्यांदा वाचला तेव्हा खरंच छाती भरून आली. किती चांगलं लिहिलंय! कलम ३४: जो माणूस सलग सहा वर्षं जमीन कसतोय तो 'संरक्षित कूळ'. फसली १३४२ ते १३५२ (साधारण १९३२ ते १९४३) या काळातली सहा वर्षं चालतील, १ जानेवारी १९४८ च्या आधीची सलग सहा वर्षंही चालतील. अशा कुळाला मालक मनाला येईल तेव्हा काढू शकत नाही. ताबा हवा तर कलम ३२ प्रमाणे तहसीलदाराकडं अर्ज करायचा, हुकूम घ्यायचा. कुळानं स्वतःहून जमीन सोडायची असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी राजीनामा हवा, आणि तो तहसीलदारासमोर कबूल करायला हवा, आणि तो मनापासून आहे अशी तहसीलदाराची खात्री व्हायला हवी. पुढं १९५४ च्या दुरुस्तीनं कलम ३८-ई आलं, की सरकार जाहीर करील त्या तारखेपासून संरक्षित कुळाला मर्यादेपर्यंतच्या जमिनीची मालकीच मिळेल.

कागदावर आणखी काय पाहिजे?

आता कागदाबाहेर काय झालं ते बघा. उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी जुन्या हैदराबाद राज्यात फिरून पाहणी केली. ती १९५८ मध्ये छापून आली. १९५१ साली जी संरक्षित कुळं नोंदली गेली त्यांचं तीन-चार वर्षांत काय झालं, ते त्यांनी मोजलं. शंभरातली सुमारे ४५ कुळं संरक्षित म्हणून टिकली. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली, मालक झाले. कायद्यानं, म्हणजे हुकूम होऊन, काढली गेली ती अडीच. बेकायदा हुसकली ती २२. आणि 'स्वखुशीनं' राजीनामा दिलेली जवळजवळ १८.

हे आकडे मी गिरणीच्या कँटीनमध्ये बसून बिडीच्या पाकिटावर मांडले. अडीच, बावीस, अठरा. पुन्हा पुन्हा मांडले.

अरे, शंभरातली चाळीस कुळं मातीतून उपटली गेली, आणि त्यांच्यासमोर न्यायाचा दरवाजा उघडलाच नाही! ज्यांच्या बाबतीत कायद्यानं विचारपूस झाली ती फक्त अडीच. आपण सारखं म्हणतो, कोर्ट सवर्णांचं, न्याय विकला जातो, गरीब कोर्टात हरतो. हरतोही. पण हे आकडे त्याच्या आधीची गोष्ट सांगतात. आपली माणसं कोर्टात हरली नाहीत. कोर्टाच्या पायरीपर्यंत त्यांना येऊच दिलं नाही. बावीस जणांना लाठीनं आणि अठरा जणांना अंगठ्यानं वाटेतच अडवलं.

*

अंगठ्याची गोष्ट मला घरातच सापडली.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तालुक्यातलं १९५१ चं संरक्षित कुळांचं रजिस्टर बघायला मागितलं. कोणत्या कचेरीत किती खेटे मारले ते सांगत नाही. प्रत्येकानं मारलेले असतात. शेवटी एका दुपारी ते जाड बाड माझ्यासमोर ठेवलं. पानं पापडासारखी. बरंचसं उर्दूत. मला काय वाचता येणार? एक निवृत्त उर्दू मास्तर ओळखीचे होते, त्यांना हात जोडून घेऊन आलो. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले. पणज्याचं नाव वाचलं. बापाचं नाव वाचलं. जात वाचली. सर्व्हे नंबर वाचला. पाच एकर काही गुंठे.

मित्रांनो, आमच्या घराण्याचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते बहुधा तिथं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तर तिथला शिपाई ओरडला, "हात नका लावू, फाटंल."

मास्तरांनी अजून एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्याची बटई त्याच शिवारात होती, पण त्यांचं नाव रजिस्टरात असण्याचा प्रश्नच नव्हता. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ते घर रातोरात गाव सोडून गेलं. सुंदरलाल समितीनं तेव्हा जे जिल्हे सर्वात जास्त होरपळले म्हणून नोंदवले त्यात आपला उस्मानाबाद आहे. गाव सोडलं म्हणजे ताबा सुटला, ताबा सुटला म्हणजे कुळाचा हक्क सुटला. १९५० चा कायदा आला तेव्हा रानात जो उभा होता त्याला मोजलं. जो जीव घेऊन पळाला होता त्याला कोण मोजणार? हेही आपण लिहून ठेवलं पाहिजे. आपल्याला लुटलेलं तेवढं लिहायचं आणि शेजारच्याला लुटलेलं झाकायचं, हा धंदा आपला नाही.

आता पणजा. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती सांगते ते तिच्याच शब्दांत:

"आन्नाला मालकानं बोलावलं. म्हनला, सरकारचा नवा कायदा आलाय, तुज्या नावानं कागुद करायचाय, अंगठा दे. आन्नाला वाटलं चांगलंच हाय. मंग बैलगाडीत घालून तालुक्याला न्हेलं. सायबाच्या म्होरं हुबं केलं. सायबानं इचारलं, खुशीनं का? मालक बाजूला हुबा. आन्नानं मान हालवली. येताना मालकानं भजी खाऊ घातली. मपल्यासाठी बी आनली व्हती पुडीत."

संपलं. कलम १९ चं पूर्ण पालन झालं. लेखी झालं, तहसीलदारासमोर झालं, खुशीनं झालं. आजीला त्या भज्यांची चव अजून आठवते, आणि ते सांगताना ती रडते.

दुसऱ्या वर्षी पणजा त्याच रानात, त्याच औताला, सालगडी म्हणून उभा होता. आणि इथं कायद्याची एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. मालकाला 'स्वतः कसण्यासाठी' जमीन परत मागता येत होती. आणि 'स्वतः कसणे' याची व्याख्या अशी, की मालकानं पगारी गडी लावून, स्वतः देखरेख ठेवून कसलं तरी ते स्वतः कसणंच. फक्त गड्याला पिकाचा वाटा द्यायचा नाही. म्हणजे वाटा घेतला तर तो कूळ, त्याला हक्क. साल घेतलं तर तो गडी, त्याला काही नाही. माणूस तोच, घाम तोच, फाळ तोच. धान्याचं माप कुठल्या नावानं पदरात पडलं एवढ्यावर पाच एकर इकडचे तिकडं झाले. हा बदल करायला कोर्ट लागलं नाही, पोलीस लागले नाहीत. पावशेर भजी लागली.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला आणि आज्यानं खडी फोडली. आज्याचा भाऊ मुंबईला गेला, फुटपाथवर राहिला. मुंबईच्या फुटपाथवाल्यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, १९८५ मध्ये निकाल आला. कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि उठवायच्या आधी माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. आणि त्याच निकालात पावसाळ्यानंतर उठवायला मोकळीकही दिली. चांगलं वाक्य आपल्याला मिळालं, जागा नाही मिळाली. पण ते वाक्यही फेकून देऊ नका. 'आधी ऐकून घ्या' हे वाक्य पणज्याकडं नव्हतं.

*

कुणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास झाला, आता कुळं उरलीत कुठं? मी म्हणतो, चुलत्याची खोली आणि पणज्याचं रान यांत फरक दाखवा. तिथं करार तोंडी, इथं करार तोंडी. तिथं खळ्यावर माप घातलं त्याची पावती नाही, इथं भाड्याची पावती नाही. तिथं उर्दू कागद वाचता आला नाही, इथं इंग्रजीमिश्रित समन्स वाचता आलं नाही. तिथं साहेबासमोर मालक बाजूला उभा, इथं मालकाचा वकील उभा. तिथं मान हलली, इथं माणूस हजरच नव्हता. दोन्हीकडं न्याय 'झाला'.

आणि दोन्हीकडं एक गोष्ट नव्हती. त्या माणसाच्या शेजारी उभा राहणारा कुणी नव्हता.

हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मला आपल्या चळवळीचाच राग आला. पणज्याच्या वेळी आपल्याकडं माणसं कमी होती, शिकलेली तर बोटांवर. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले. ते मोठंच काम होतं. पण आज? आज जयंतीला आपल्याकडं डीजे आहे, फ्लेक्स आहे, प्रत्येक गल्लीत बी.ए. झालेला पोरगा आहे. एल.एल.बी. झालेलेही आहेत. आणि चुलता तारखेला एकटा बसला होता. मी गिरणीत होतो. तुम्ही कुठं होतात?

मी स्वतःला सोडत नाही. मला कविता लिहायला वेळ होता. देवळीतला कागद वाचायला नव्हता.

*

तेव्हा जे शिकलो ते सांगतो. हे पाठ करा, नुसतं वाचू नका.

एक. वकील फुकट मिळतो. संविधानात कलम ३९-अ आहे, ४२ व्या दुरुस्तीनं आलेलं. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, बाई, लहान मूल, कामगार यांना वकील मोफत आहे. त्यातही अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि बाईला उत्पन्नाची अट नाही. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा फोन आहे. चुलत्याला हे एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. फुकटचा वकील लक्ष देत नाही अशी तक्रार मी ऐकली आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. पण पक्षकाराबरोबर चार कार्यकर्ते उभे दिसले की लक्ष आपोआप येतं.

दोन. समन्स आलं म्हणजे हरलो असं नाही. कैफियत द्यायला तीस दिवस असतात, कोर्ट कारण बघून नव्वदपर्यंत वाढवतं. त्या तीस दिवसांत कागद देवळीत राहता कामा नये.

तीन. एकतर्फी निकाल झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही. गैरहजेरीला सबळ कारण असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज देता येतो. मुदत तीस दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्यापासून तीस दिवस. त्याबरोबरच ताब्याला स्थगिती मागायची. मुदत गेली असेल तर उशीर माफीचा अर्ज, आणि उशीर का झाला ते खरं लिहायचं. स्लॅबचा दिवस होता हे लिहायला लाजू नका.

चार. पावती. जिथं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथं मालकानं भाड्याची लेखी पावती देणं बंधनकारक आहे. नोंदणी केलेला लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरायचं, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. मालक पावती देत नसेल तर भाडं मनीऑर्डरनं नाहीतर बँकेतून पाठवा. तोंडी व्यवहार बंद. पिंपळाची साक्ष बंद.

पाच. ज्यांच्याकडं अजून शेतजमिनीचं कूळपण आहे त्यांनी सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना बघावा. जुनं रजिस्टर, १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, फेरफार यांच्या नकला काढाव्यात. आणि दिवाणी दाव्यात 'हा कूळ आहे की नाही' हा प्रश्न उभा राहिला तर तो दिवाणी कोर्टानं ठरवायचा नसतो, तहसीलदाराकडं पाठवायचा असतो. हा मुद्दा पहिल्याच कैफियतीत घाला.

सहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक शाखेनं एक वही करावी. आपल्या वस्तीत कुणाकुणावर दावा आहे, कोणत्या कोर्टात, पुढची तारीख काय, सोबत कोण जाणार. मोर्चाला जसे जाता तसे तारखेला जा. मोर्चाला शंभर लागतात, तारखेला दोन पुरतात. एकानं बाकड्यावर बसायचं, म्हणजे दुसरा लघवीला गेला तरी पुकारा चुकत नाही. हसू नका. एकोणीस वर्षांचं घर तेवढ्यावरून गेलं.

*

पणज्याचे पाच एकर परत मिळतील असं मी म्हणत नाही. मी दोन वकिलांना विचारलं. दोघांनी मान हलवली, आणि ती मान कुठली ते मला कळलं. त्या रानाचे तीन वेळा खरेदीखत झालेत. आता तिथं ऊस आहे. मी बांधावर जाऊन आलो, मालकाच्या नातवानं पाणी दिलं, ओळख विचारली. मी नाव सांगितलं. त्याला काही आठवलं नाही. त्याचा दोषही नाही, त्याच्या घरात ही गोष्ट कुणी सांगितलीच नसणार. आपल्या घरात तरी कुणी सांगितली होती? चुलत्याची खोली गेली नसती तर आजी बोलली नसती.

चुलत्याचा अर्ज दाखल झालाय. बिगाऱ्याला वकील मिळालाय. तूर्त ताबा थांबलाय. निकाल काय लागेल माहीत नाही. हरू शकतो आम्ही. पण यावेळी हरलो तर कोर्टात, तोंडानं बोलून, कागद दाखवून हरू. घराण्यात असं पहिल्यांदाच घडेल.

पुढची तारीख मंगळवारी आहे. मी सोमवारची रात्रपाळी संपवून सरळ एस.टी. पकडणार आहे. वहीत माझ्या नावापुढं दुसरं नाव अजून रिकामं आहे.

जयभीम.